रकान्यातली पाणपोई

२२ फेब्रुवारी २०२६, रविवार

आज ह्यांचं नाव सरकारात गेलं! माणूस जाऊन एकतीस वर्षं होत आली, आन् नाव आज गेलं — मोबाइलातून, माह्या डोळ्यांदेखत.

अंकिता आल्ती, माही नात. पोरगी आता वर्ध्याले कलेक्टर हापिसात लागली. कंत्राटावर हाये, पण हापिस ते हापिस. बोरगाव मेघेले खोली केली, दोघी पोरी मिळून राह्यतात, भाकरी जमत नाई म्हणून रोज पोळ्याच. मी इचारलं, बाई, तू तिथं करतं काय? म्हणे, "आजी, ऊन वाढून राह्यलं ना. तं त्यासाठी गावानं काय करायचं, तालुक्यानं, जिल्ह्यानं, मुंबईनं, दिल्लीनं काय करायचं, हे सगळे कागद एकमेकाले जोडायचे." मी म्हणलं, उन्हाले कागद दाखवून ऊन कमी होते का? लय हासली. हासली की थेट ह्यांच्यावानी दिसते, वरचा ओठ तसाच आखडतो.

आज ती आपल्याच गावाचा फारम भरायले आल्ती. पंचायतीच्या ओट्यावर गजेंद्र सरपंच, सचिन ग्रामसेवक, आन् चहा घेऊन मी. अकरा रकाने होते. सावलीची झाडं, दवाखाना, असंच काई काई. समोर आहे नाईतं नाही, एवढंच लिवायचं. चवथा रकाना आला, उन्हाळ्यात रस्त्यावर प्यायच्या पाण्याची सोय. गजेंद्र म्हणे, "काकूची पाणपोई हाये की फाट्यावर!" अंकितानं माह्याकडं पाह्यलं आन् 'आहे' वर बोट ठेवलं. खाली जागा होती तिथं लिवलं — कै. पुंडलिकराव यांच्या स्मरणार्थ. वाचून दाखवलं. मी पदर तोंडाले लावला.

ते नाव मी तोंडानं घेत नाई. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. लिवते मात्र. लिवायले मले कोणी मना केलं नाई. ही वही अंकितानंच देल्ली दिवाळीले. चवथीपर्यंत शिकली मी, त्यातली चवथी अर्धी.

अजून एक मी तिले म्हणलं, लिव की माह्या रांजणाले कधी पाणी कमी पडत नाई. तेही लिवलं पोरीनं.

८ मार्च

तालुक्यातून कागद आला. अकरा रकाने, अकराही 'आहे'! आमचं गाव तालुक्यात पहिलं. गजेंद्रानं पेढे वाटले. मले दोन देल्ले, एक ह्यांच्या फोटोपुढं ठेवला. मुंग्या लागल्या.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली आन् रांजण मांडला. हा एकतिसावा. समुद्रपूरच्या कुंभाराकडून आणला, बोटानं वाजवून. खाली ओली रेती, अंगाले बारदाना, लांब दांड्याचं ओगराळं, वर लाकडी झाकण. बाभळीच्या सावलीत. रोज सहा घागरी, मे लागला की आठ. आता मी डोक्यावर नाई घेत, शेजारचा कवडू बैलबंडीवर आणून देतो आन् त्याच्या बदल्यात माह्याकडून दिवसभराच्या बातम्या घेतो.

फाटा म्हणजे समुद्रपूरच्या रोडवरून आमच्या गावाकडं वळते ती जागा. एसटी तिथंच थांबते — थांबलीच तं.

त्या दिवशी बाजारातच थांबली नाई. ९५ सालचा मे. हे वांग्याच्या पाट्या विकून बाजारातून निघाले, गाडी भरून गेली, म्हणून पायी आले. फाट्यावर बाभळीखाली बसले आन् उठलेच नाई. गोंडांच्या टोलीवरची भागीरथा डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. नवी नवरी होती तवा. तिच्या कमरेले भोपळ्याचा तुंबा, त्यातलं पाणी तिनं ह्यांच्या तोंडात घातलं. सांगत होती, दोन घोट आत गेले, तिसरा बाहेर आला. मोळी तिथंच टाकून अनवाणी पळत मले सांगायले आली.

त्याच्यापुढच्या पाडव्यापासून रांजण. एक साल खंड नाई. नातवाच्या बारशाच्या दिवशीही आधी घागरी, मंग पाळणा.

६ एप्रिल

भागीरथाची सून ज्योत्स्ना आली. उंबऱ्यातच उभी राह्यली, बस म्हणलं तं बसली नाई.

टोली म्हणजे गोंडांची वस्ती, पस्तीस घरं, गावापासून अडीच किलोमीटर. पंचायत आमची एकच. तिथला हापसा होळीपासून कोरडा हाये. बाया नाल्यात झिरा खोदून पाणी भरतात. वाटीनं. परवा भर दुपारी तिथंच भागीरथा पडली. दोन दिवस दवाखान्यात ठेवली, काल घरी आणली. बोलते, पण उभं राह्यलं की भोवळ येते म्हणे.

मंग खरी गोष्ट निघाली. उन्हासाठी यंदा सरकार गावागावाले टाकी आन् सावलीची शेड देऊन राह्यलं. ज्योत्स्ना पंचायतीत मागायले गेलती. सचिननं यादी दाखवली. आमचं गाव यादीत नाई. काऊन? तं चवथ्या रकान्यात 'आहे' हाये. काय आहे? तं पाणपोई आहे.

"काकू," ज्योत्स्ना म्हणे, "तुमच्या रांजणाले कधी कमी पडत नाई, असं लिवलं हाये तिथं. तं आम्ही रोज अडीच किलोमीटर येऊन पिऊन जाऊ का?"

आवाज चढवला नाई पोरीनं. चढवला असता तं बरं झालं असतं.

७ एप्रिल

सहा घागरी भरल्या. लोकं पाणी पिऊन "माय, पुण्य लागो" म्हणतात. आज ऐकवलं नाई.

१२ एप्रिल, रविवार

अंकिताले फोनवर सांगतलं होतं. आज पहिल्या गाडीनं आली. तोंड उतरलेलं. म्हणे, "रकाना गावाले एकच हाये आजी. टोलीले वेगळा नाई. मले समजायले पाह्यजे होतं. पण तुले बरं वाटंल म्हणून मी लिवलं."

आता चवथीवाल्या बाईनं हे लिवून ठेवावं इतकं मोठं नाई, पण लिवते, नाईतं इसरून जाईन. मी म्हणलं, लिवलं तसं खोड. म्हणे, खोडता येत नाई. पंचायत म्हणते तालुक्याले पाठवलं, आमच्याकडं उघडत नाई. तालुका म्हणतो जिल्ह्यानं जोडून घेतलं. जिल्हा म्हणतो मुंबईनं बंद केलं. मुंबई म्हणते फारमच दिल्लीचा हाये.

मी फळीवरचा चार पुडांचा डबा काढला, ह्यांचा, वावरात भाकर न्यायचा. तिच्यापुढं ठेवला. "असं?"

"असंच," म्हणे. "चूक खालच्या पुडात, आन् कडी वरून लागली."

मंग दोघीही हासलो. डबा रिकामाच होता, तरी तिनं तो पुन्हा नीट लावून ठेवला.

एक रस्ता हाये म्हणे. मे महिन्यात तालुक्याचा माणूस जागेवर पाहायले येते. डोळ्याले दिसंल ते लिवते. तेवढ्यानं रकाना बदलते. पण त्याच्या आधी ग्रामसभेचा ठराव पाह्यजे — की ही पाणपोई घरची हाये, सोय म्हणून धरू नका, आन् टाकी आली तं टोलीवर बसवा.

आन् जागेवर पाणपोई दिसायले नाई पाह्यजे.

हे शेवटचं तिनं दुसरीकडं पाहून सांगतलं.

मी इचारलं, तुयं काय होईल? तिच्या साहेबानं मीटिंगीत सगळ्यांले आमच्याच गावाचा कागद दाखवला होता, नमुना म्हणून. आता तिलेच जाऊन सांगा लागंल की माह्या आजीच्या गावाचा कागद मी चुकवला. कंत्राट जूनपर्यंत हाये. म्हणे, "पाहू." ह्यांचाच शब्द! दहा गोष्टी इचारा, उत्तर एक — पाहू.

१९ एप्रिल, अक्षय तृतीया

आज पितरांच्या नावानं घागर द्यायची. दरसाल ह्यांची घागर मी देवळात देते. यंदा कवडूले म्हणलं, बंडी टोलीवर घे.

भागीरथा खाटेवर होती. अर्धी राह्यली बाई. आम्ही दोघींनी वीस साल एका धुऱ्यावर निंदण केलं, कापूस वेचला. तिच्या हाताले माह्यापेक्षा दीडपट कापूस लागे, आन् ती मले चिडवे, "तुये हात बोलायले गेले वाटते." आज घागर पाहून म्हणे, "काय, तुया माणूस आता आमच्या घरी जेवायले येणार का?" नातीले गोंडीत काई तरी सांगतलं. पोरीनं घागर आत नेली, आन् मले एक गिलास पाणी आणून देल्लं. झिऱ्याचं. दोन पदरांतून गाळलेलं, तरी पिवळं. मी पेली.

मंग सांगतलं तिले सगळं. की मी रांजण उचलते, नाव खोडायले लावते.

ती आडवीच होती ते उठून बसली. म्हणे, "नाई. मी त्या माणसाले पाणी पाजलं. शेवटचं. त्याचं नाव खोडून मले टाकी नको."

"टाकी तुले एकटीले नाई," मी म्हणलं. "तुये नातवंडं हे पाणी पेतात."

ज्योत्स्ना चुलीपुढं बसून ऐकत होती. निघतानी भागीरथा म्हणे, "त्याची जागा रिकामी नाई राह्यली पाह्यजे. पाहून घेजो तू. नाईतं मी पाहीन."

खाटेवरून उठता येत नाई आन् म्हणते मी पाहीन!

१ मे

ग्रामसभा. झेंडा झाला, जिलबी झाली, मंग सभा. बायांमधून मी उठली. गजेंद्रानं आधीच सांगतलं होतं, "काकू, तालुक्यात पहिलं आलेलं गाव हाये. अकराचे दहा करतं का? गावाची इज्जत तुया हातात हाये." मागं बसलेले गावातले अण्णाजी बोलले, म्हातारीले ऊन लागलं. काई जण हासले.

मी म्हणलं, माह्या रांजणातून रस्त्यानं जाणारा पेतो. टोलीवरचा पेत नाई. फारमात जे लिवलं ते मी सांगतलं म्हणून लिवलं. चूक माही हाये, पोरीची नाई. ते काढा.

सचिन इतिवृत्त लिवत होता. भला पोरगा हाये, पण कागदाचा. मान वर न करता म्हणे, "पाणपोई कोणाच्या नावाची, ते पूर्ण नाव सांगा. त्याशिवाय ठरावात घेता येत नाही."

सगळ्या बाया माह्याकडं पाहत होत्या. गावात सगळ्यांले माहीत हाये की मी नाव घेत नाई. कवडूची बायको म्हणे, मी सांगते. सचिन म्हणे, "अर्जदारानेच सांगायचं."

मी सांगतलं. पुंडलिकराव. पूर्ण, बापाचं नाव, आडनाव, सगळं. उखाण्यानंतर पहिल्यांदा घेतलं, आन् घेतलं तं खोडायले.

ठराव झाला. टोलीवरची माणसं दाराशी उभी होती, त्यांनी हात वर केले. मंग बायांनी. गजेंद्रानं सगळ्यांत शेवटी, पण केला. बाहेर निघाल्यावर म्हणे, "काकू, टाकी टोलीवर बसली की पेढे तूच वाटजो." रागात होता की नाई, समजलं नाई.

५ मे

रांजण उचलला. कवडूनं एका बाजूनं धरला. खाली रेतीत ओला गोल राह्यला. थोड्या वेळात तोही वाळला.

८ मे

रोज फाट्यावर जाऊन बसते. कोणी पाणी मागितलं तं घर दाखवते. पण एसटी तेवढी थांबत नाई, लोकं चढून जातात. आज सिंदीकडची एक लेकुरवाळी उतरली. ओगराळं जिथं टांगलेलं राहे तिथं हात नेला तिनं, आन् मंग खांबाले नुसतंच पाह्यलं. पिशवीतली माही बाटली तिले देल्ली. पण बाटलीनं किती लोकांची तहान भागंल.

अण्णाजी सायकलवरून चालले होते. म्हणे, "सखूबाई, पुण्य बंद केलं का?" मी म्हणलं, हो, दुरुस्तीले काढलं.

११ मे

तालुक्याचा माणूस आला. पोरगाच. नागेश नाव सांगतलं. फटफटीवर, तोंडाले दुपट्टा, दुपट्ट्यावर मीठ वाळलेलं. दुपारचा एक वाजला होता. गाडी बाभळीखाली लावली आन् पहिला शब्द — "मावशी, पाणी आहे का?"

जन्मात पाणी मागणाऱ्याले नाई म्हणलं नव्हतं मी. ह्याच जागेवर.

"इथं नाई," मी म्हणलं.

तो इकडंतिकडं पाहे. "इथं पाणपोई आहे ना? माझ्या यादीत आहे."

"यादीत असंल. इथं पाहा. दिसली तं लिवा."

त्यानं पाह्यलं. बाभूळ, खांब, वाळली रेती. मोबाइल काढला, फोटो काढला, काई तरी टिपलं. त्याचा घसा हलत होता, मले दिसत होता. "'नाही' लिहिलं, मावशी," म्हणे.

मी म्हणलं, चल आता घरी. माठातलं थंड पाणी देल्लं, मंग कैरीचं पन्हं देल्लं, दोन गिलास. त्याले काई कळलं नसंल. म्हणे, "घर इतकं जवळ होतं, तर तिथंच सांगायचं ना." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करू.

ह्यांच्या फोटोकडं आज पाह्यलं नाई.

१२ मे

फाट्यावर गेली नाई.

१७ मे

अंकिताचा फोन. रकाना उघडला! तालुक्यानं 'नाही' पाठवलं, जिल्ह्यानं घेतलं. साहेब तिले रागावले का, हे तिनं सांगतलं नाई, मी इचारलं नाई. एवढंच म्हणे की फारम पहिल्यांदा तिनंच चुकीचा भरला, हे तिनं स्वतःच लिवून देल्लं. माही नात!

आता एक शेवटचं बाकी. जिल्ह्याचा माणूस येऊन जागेचा पक्का फोटो काढून नेणार, २१ तारखेले. तो फोटो मुंबईले गेला की टाकी मंजूर. जिल्ह्याचा माणूस कोण? तं अंकिताच.

"तोवर जागा रिकामी ठेव आजी," म्हणे. "चारच दिवस."

चार दिवस काय, एकतीस सालाचं मोडलं, आता चार दिवसाचं काय.

२१ मे

सकाळी फाट्यावर गेली. बाभळीखाली रांजण!

माह्या नाई. जुना, काठाले चीर, अंगाले लुगड्याचा तुकडा ओला करून गुंडाळलेला. बाजूले भागीरथा बसली होती, ज्योत्स्नाच्या खांद्याले टेकून. टोलीवरच्या बायांनी पहाटपासून डोक्यावर आणून भरला म्हणे, झिऱ्यातून. अडीच किलोमीटर. "सांगतलं होतं ना," भागीरथा म्हणे, "नाईतं मी पाहीन म्हणून."

उचला म्हणायले तोंड उघडलं माह्यं. तितक्यात अंकिताची गाडी आली. पोरगी उतरली, हातात मोबाइल. माह्याकडं पाहे, रांजणाकडं पाहे.

"आजी, आता काय लिवू?"

मी ओगराळं बुडवलं, गिलास भरला, तिच्या हातात देल्ला. म्हणलं, आधी पाणी पे. मंग जे हाये ते लिव.

तिनं गिलास तोंडाले नेला आन् थांबली. उजेडात धरला. पिवळं. खाली बोटभर गाळ.

फोटो तिनं रांजणाचा नाई काढला. गिलासाचा काढला.